अंगदच्या खुणेच्या शेळ्या

वाडी, पालमजवळ
३ मार्च १९५९

चिरंजीव उद्धवला कासामायचा आशीर्वाद.

कोण कासामाय, असं तू विचारणारच, म्हणून आधीच सांगते. तुझे वडील आमच्या वाडीला मास्तर होते. तुझ्या आईला दूध उतरलं न्हाई तवा वाटीभर शेळीचं दूध घेऊन दोन येळा तुमच्या उंबऱ्याशी जी बाई यायची, ती मी. शेळीचं नाव ढवळी. तिचं नाव तरी ध्यानात असू दे, माझं नसलं तरी चालंल. येलदरीच्या धरणावर तनखा वाटायच्या खुर्चीवर बसल्यापासून तुला वाडी दिसंना. खुर्ची फार उंच असंल.

पत्र बन्सीधर मास्तर लिहायलेत. मी बोलते तसंच लिहा, गोड करू नका, असं त्यांना तीनदा बजावलंय.

काम असं हाय. माझा अंगद तुमच्या धरणावर मातीचा ट्रक चालवतो. त्यानं केवळाला, म्हंजे त्याच्या बायकोला, दोन लेकरांसंगट टाकलं आणि तिथं दुसरी चूल मांडली, तेबी तुला दिसतच असंल. केवळा चुडाव्याला भावाकडं राहती, रोजानं खुरपायला जाती. दिवाळीआधी परभणीच्या कोर्टानं अंगदला उभा केला आणि विचारलं, जेलात जातो का पैसे देतो? तवा त्यानं कबूल केलं की महिन्याला वीस रुपये माझ्या तनख्यातून कापा आणि परस्पर केवळाला धाडा. हे ‘परस्पर’ मला लय पसंत पडलं. पैसा त्याच्या हाताला लागायच्या आत चुडाव्याला. तो हात मला ठाऊक हाय, लहानपणी मीच धुतलाय.

दोन महिने वीस आले. संक्रांतीपासून दहाच यायलेत. बाकीचे दहा कुठं उतरले? येलदरी ते चुडावा मधी अशी किती ठेसनं हायत जिथं पैसा उतरून चहा पितो? कापणारा तू, धाडणारा तू, म्हणून तुलाच विचारते.

बानू सहा वर्षांची हाय, मुंजा दोन वर्षांचा. दोघांनी दहा रुपयांत काय खायचं ते तुझ्या साहेबाला विचार आणि मला कळव.

कासाबाई
(अंगठा)


येलदरी
१२ मार्च १९५९

तीर्थरूप कासामायला उद्धवचा नमस्कार.

ढवळी आठवते. तुझी वाटीही आठवते, तिच्या काठाला पोचा होता. तेव्हा मला विसराळू म्हणू नकोस.

मी कोणाचा एक पैसा खाल्लेला नाही. कोर्टाचा जो हुकूम येतो त्याप्रमाणे मी पगारातून कापतो आणि मनीऑर्डर करतो. पहिला हुकूम वीसचा होता. जानेवारीत दुसरा आला, दहाचा. तो का बदलला हे सांगणं माझ्या कामात बसत नाही आणि साहेबांना विचारलेलं आवडत नाही. अंगदचा पगार बासष्ट रुपये आहे, तो वेळेवर निघतो, त्यात मी काही करू शकत नाही. केवळावहिनींना शंका असेल तर त्यांनी परभणीला कोर्टात जाऊन चौकशी करावी.

धरणाचं काम जोरात आहे. धूळ फार. नदीच्या पात्रात उभं राहिलं तर समोरचा माणूस ओळखू येत नाही.

तू प्रकृतीला जप. तुझं तरी बरं आहे, तुला महिन्याचं पोचतं ना?

तुझा
उद्धव


वाडी
२३ मार्च १९५९

उद्धवला आशीर्वाद, पण या खेपेला थोडा कमी.

केवळा तू सांगितल्यावरून परभणीला गेली. दोन दिवसांचा रोज बुडाला, रेल्वेचं तिकीट वेगळं. कोर्टातला कारकून म्हणाला, बाई, पैसे कापतो तो तनख्याचा कारकून, त्याला विचारा. तू म्हणतोस कोर्टाला विचारा. तुमी दोघं कारकून एकमेकाला पत्र लिहीत बसा, तवर लेकरं मोठी व्हतील आणि तुमच्या जागेला लागतील. मुंजाला या उन्हाळ्यात खोकला हाय. केवळानं त्याला पाठीशी बांधून नेला, बाकड्यावर दिवसभर बसवला आणि तसाच परत आणला. बाकडं तेवढं बघून झालं.

एक गोष्ट मला समजंना. ‘महिन्याचं पोचतं ना’ असं तू कामून लिहिलंस? मास्तरांनी दोनदा वाचलं, तरी मला समजंना. मला कुणाकडून काय पोचायचं? मला पोचतं ते एवढंच, की अंगदच्या खुणेच्या दोन शेळ्या व्यायल्या, तीन करडं झाली, त्यात दोन पाटी, म्हंजे माद्या. बोकड एकच, तोबी मरतुकडा. दूध इकते, भाकरी खाते. दुसरं कोण मला काय धाडतं?

तू काही तरी गिळायलायस, उद्धव. लहानपणी दूध नको असलं की असंच तोंडात धरून बसायचास. आता थुंक.

कासाबाई
(अंगठा)


येलदरी
४ एप्रिल १९५९

तीर्थरूप कासामाय,

तुझं पत्र आलं आणि मी चार दिवस उत्तर लिहिलं नाही. पुढचे दोन दिवस लिहून फाडलं.

अंगदनं डिसेंबरात कोर्टात अर्ज केला होता. त्याची नक्कल आमच्या कचेरीत आहे. त्यात लिहिलं आहे: ‘माझी वृद्ध आई सर्वस्वी माझ्यावर अवलंबून आहे. तिला मी दरमहा दहा रुपये देतो. मला शेती नाही, जनावर नाही, पगाराखेरीज दुसरी मिळकत नाही. तरी बायकोस द्यावयाची रक्कम कमी व्हावी.’ त्यासोबत तुझा कबुलीचा कागद आहे. ‘वरील मजकूर खरा आहे, मला मुलाकडून पैसे पोचतात.’ खाली तुझा अंगठा. कोर्टानं तो पाहून वीसचे दहा केले.

मला वाटलं, तू विचार करून अंगठा दिला असशील. शेवटी पोटचा मुलगा. सुनेच्या वाट्यातले दहा रुपये सासूनं घेतले, तर त्यात मी कोण बोलणारा? म्हणून गप्प राहिलो. आता तुझ्या पत्रावरून वाटतं, तुला काहीच पोचत नाही.

खरं काय ते सांग.

उद्धव


वाडी
११ एप्रिल १९५९

उद्धव,

आशीर्वाद नंतर.

चंपाषष्ठीला अंगद आला व्हता. दोन वर्षांनी आला. गुळाची ढेप आणली, माझ्या पाया पडला, मी वांग्याचं भरीत केलं. खंडोबाचा दिवस म्हणून मी म्हणलं, देवच पावला. खाऊन झाल्यावर त्यानं कागद काढला. म्हणाला, माय, धरणात कुणाची जमीन-जनावरं गेली त्याचं सरकार लिहून घ्यायलंय, तू तुझ्या शेळ्यांचा दाखला दे. मी म्हणलं, आमची वाडी धरणात कुठं यायलीय? तो म्हणाला, सगळ्यांचाच घ्यायलेत.

मी वाचून दाखवल्याबिगर अंगठा देत न्हाई, हे सगळ्या वाडीला ठाऊक हाय. तलाठ्याला मी चारदा वाचायला लावते. म्हणून अंगदला म्हणलं, वाच. त्यानं बोट फिरवत वाचलं. इतक्या शेळ्या, इतकी करडं, सगळं बरोबर. एका शेळीचं एक शिंग मोडलंय, तेबी त्यानं वाचलं! मी म्हणलं, बग पोरगं किती हुशार, शिंगसुद्धा लिहिलंय. आणि दिला अंगठा.

शिंग कागदावर नव्हतंच. ते त्याला घरात बसून दारातनं दिसत व्हतं.

साठ वर्षं मी येगयेगळ्या माणसांकडून वाचून घेतलं, आणि फसले ते पोटच्या पोराकडून. बाकीच्यांचं मी दुसऱ्याकडून पडताळून घ्यायची, त्याचं न्हाई घेतलं. आता तुझं हे पत्र मास्तरांनी वाचलं, त्यावर शाळेच्या चपराशाकडून वाचून घेतलं. मास्तर रुसून बसलेत. बसू दे.

तर माझ्या नावानं माझ्या नातवंडांच्या तोंडचे दहा रुपये महिन्याला तो खायलाय, आणि कागदावर खाणारी मी. केवळा मला काय म्हणत असंल? तिला अजून ठाऊक न्हाई. सांगायची हिंमत व्हत न्हाई मला.

एक सांग. त्या कागदावर साक्षीदार कोण? अंगठ्याशेजारी कुणाची तरी सही लागती, हे मलाबी कळतं. त्या माणसानं मला कवा बघितलं? त्याचं नाव लिहून धाड. त्याच्या घरी जाऊन बसते.

कासाबाई
(अंगठा. हा खरा.)


येलदरी
२० एप्रिल १९५९

तीर्थरूप कासामाय,

माझ्या घरी ये.

सही माझी आहे. अंगद कागद घेऊन आला, अंगठा उठलेला होता. म्हणाला, मायचा आहे, तू ओळखतोस तिला, सही कर, दुसरा कोण करणार. पगाराचा दिवस होता, समोर दीडशे माणसं उभी होती. आणि तो म्हणाला, ‘माझ्या शेळीचं दूध पिऊन वाढलास, सहीला काय पैसे पडतात?’ मी केली. ‘माझ्यासमोर अंगठा केला’ असं वर लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. मला वाचता येतं, माय. माझ्याकडे तेवढीही सबब नाही.

आता मी करतो ते ऐक. केवळावहिनींच्या नावानं नवा अर्ज मी लिहून चुडाव्याला पाठवला आहे. तो कशासाठी, हे त्यांना तू सांग. तारीख १४ मे. सही खोटी होती, असं माझं निवेदन मी रजिस्टर टपालानं कोर्टाला पाठवलं. स्वतः आलो असतो, पण साहेबांनी रजा नाकारली आणि वर खुलासा मागितला आहे. तुला मात्र परभणीला यावं लागेल.

आणि एक गोष्ट लिहायची की नाही, दोन दिवस ठरवत होतो. अर्जात ‘जनावर नाही’ असं आहे. तू मार्चच्या पत्रात सहज लिहिलंस, ‘अंगदच्या खुणेच्या शेळ्या’. शेळ्या त्याच्या असतील तर ती त्याची मिळकत, आणि कोर्ट पगाराशिवाय तीही लेकरांसाठी घेऊ शकतं. पण मग तू कशावर जगणार? तुला कोणी विचारलंच नाही तर बोलायची सक्ती नाही. मी तुला बोल म्हणत नाही. गप्प राहा असंही म्हणत नाही. मागे माझ्या गप्प राहण्यानं काय झालं ते पाहिलंस.

तुझा
उद्धव


चुडावा
२ जून १९५९

उद्धवला आशीर्वाद. पुरा.

हे पत्र चुडाव्याच्या शाळेतल्या विमलाबाई लिहायल्यात. त्यांचं अक्षर कसं हाय ते कळव, मला सगळीच सारखी दिसतात. मी चुडाव्याला कशी, ते सांगते.

कोर्टात मला साक्षीच्या पिंजऱ्यात उभी केली. कोर्टाचा साहेब तरणाच हाय, पण कान लावून ऐकतो. म्हणाला, ‘आजी, हा अंगठा तुमचा का?’

‘अंगठा माझा, बोलणं माझं न्हाई,’ मी म्हणलं.

‘मुलगा तुम्हाला पैसे देतो?’

‘गुळाची एक ढेप दिली. ती बी मुंग्यांनी नेली.’

लोक हसले. साहेब हसला न्हाई. त्यानं विचारलं, ‘मग तुम्ही जगता कशावर?’

अंगद समोर उभा व्हता. त्यानं माझ्याकडं बगून हळूच मान हलवली, न्हाई म्हणून. लहानपणी करडाला दगड मारला की असाच बगायचा, माय सांगू नको बापाला. मी कितीदा तरी सांगितलं न्हाई. तेच चुकलं.

मी म्हणलं, ‘शेळ्यांवर.’

‘कोणाच्या?’

‘त्याच्या.’

मग अंगदचा वकील उठला. पुरावा काय म्हणून विचारलं. मी म्हणलं, कान. आमच्यात लेकरू जन्मलं की पाचवीला त्याच्या नावानं एक पाट सोडतात, न व्यालेली कोवळी शेळी. लेकराचा बाप तिचा कान चिरतो, प्रत्येकाची खूण येगळी. तिची पिलं, पिलांची पिलं, सगळ्यांना तीच खूण, सगळी त्या लेकराची. अंगदची खूण उजव्या कानाला दोन चिरे, डाव्याला भोक. त्याच्या बापानं काढलेली. ढवळी त्याचीच पाट. तू प्यायलास ते दूध त्याचं, मी फक्त काढून दिलं. माझ्या स्वतःच्या खुणेच्या शेळ्या दुष्काळात गेल्या, त्याला वीस वर्षं झाली. तवापासून मी लेकाचीच राखती, लेकाचंच खाती. म्हंजे बग, मला पोराचा आधार हाय हे त्याचं बोलणं खोटं नव्हतंच. त्यालाच ठाऊक नव्हतं.

साहेबानं विचारलं, याला जेलात धाडू का? मी म्हणलं, धाडा, पण मग तनखा कोण कमवंल? कापायला काही तरी उरू द्या. तवा लिहिलं: महिन्याला पहिल्यासारखे वीस कापायचे, आणि अंगदच्या खुणेच्या सगळ्या शेळ्या लेकरांसाठी केवळाच्या हवाली.

कोर्टाचा माणूस वाडीला कान मोजायला आला. तेरा निघाल्या. चौदावीचा कान लांडग्यानं फाडलेला, खूण दिसत न्हाई. तो बिचारा भला. म्हणाला, ‘आजी, ही तुमची म्हणून सोडतो.’ दोन येळचं दूध देती ती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, लय येळ फिरवला. मग म्हणलं, लिही बाबा, ढवळीच्या नातीची नात हाय. न लिहिली तर माझ्यात आणि अंगदमधी फरक काय?

तर माझ्याकडं आता एकबी शेळी न्हाई. दोन दिवस चालत कळप चुडाव्याला आणला. केवळाला शेळ्या राखता येत न्हाईत, खुरपं तेवढं येतं. कागदाची सगळी गोष्ट मी तिला सांगितली. तिनं भाकरी टाकली आणि ताट माझ्याम्होरं सरकवलं. आता मी सुनेच्या चाकरीला हाय. सकाळी शेळ्या सोडते, सांजच्याला आणते, आणि ती माझ्या चुका काढती. तिला हक्क हाय.

अंगद कोर्टाबाहेर म्हणाला, ‘मायनंच लुटलं मला.’ मी म्होरं चालले. एस.टी. सुटायली व्हती.

बानू आणि मुंजाच्या नावाची मात्र एकबी पाट न्हाई. दोघांच्याबी पाचवीला बाप आला न्हाई, कान कोण चिरणार?

कासाबाई
(अंगठा)


येलदरी
५ जुलै १९५९

तीर्थरूप कासामाय,

विमलाबाईंचं अक्षर बन्सीधर मास्तरांपेक्षा चांगलं आहे. त्यांना सांग, मास्तरांना सांगू नकोस.

जूनच्या पगारातून वीस कापले, पावती सोबत आहे. खोट्या सहीबद्दल साहेबांनी माझाही पगार कापला, सहा महिने पाच-पाच रुपये. पगारपत्रकात माझं नाव अंगदच्या नावाखालीच येतं. दोन्ही कपाती मीच माझ्या हातानं लिहिल्या.

अंगद दोन महिने माझ्याशी बोलत नव्हता. पगाराच्या दिवशी पैसे मोजून घ्यायचा आणि निघून जायचा. या खेपेला मोजून झाले तरी उभाच राहिला. मागची माणसं ओरडायला लागली. मग खिडकीतून खाली वाकून म्हणाला, ‘बानू केवढी झाली असंल रे?’

मी म्हणालो, सहा वर्षांची. तो म्हणाला, ‘वर्षं मला कळतात. केवढी झाली?’ मी तिला पाहिलेलं नाही.

उद्धव


चुडावा
१४ जुलै १९५९

उद्धवला आशीर्वाद.

पावती पोचली. विमलाबाईंनी वाचली, मग स्टेशनमास्तरनं वाचली, दोघांचं जुळलं.

तुझा तनखा कापला हे ऐकून मला वाईट वाटायला पाहिजे व्हतं. पाच रुपयांत माणूस शिकतो ते स्वस्तच हाय.

अंगद विचारतो म्हणतोस. विचारायला तोंड लागतं, पैसे लागत न्हाईत, म्हणून मी फार हुरळून जात न्हाई. तरी त्याला सांग, बानू माझ्या कमरेच्या वर आली. करडं उचलून पळती. उन्हाळ्यातल्या दोन पाटी आयांमागं इथं आल्या, अजून बिनखुणेच्या फिरायल्यात. कोर्टाच्या माणसानं विचारलं, यांचे कान कामून रिकामे? मी म्हणलं, यांचा चिरणारा येलदरीला हाय. बानू एकीला धरून रोज विचारती, ही माझी का? मी सांगते, थांब. किती दिवस थांब म्हणू? पाट मोठी झाली की कान राठ होतो, मग चिरताना लय दुखतं.

पोळ्याला त्याला सुट्टी असंल. यायचं तर या खेपेला कागद आणू नको म्हणावं, चाकू आण. केवळा दारात उभं करंल का न्हाई ते मी सांगू शकत न्हाई, घर तिच्या भावाचं हाय. शेळ्या मात्र बाहेरच बांधलेल्या असतात.

आणि रिकाम्या हातानं येऊ नको म्हणावं. वीस रुपये तू धाडतोस, सरकार धाडतं, पोस्टमन आणतो. लेकरांना पोस्टमनच बाप वाटायला लागलाय, मुंजा त्याच्या सायकलीमागं पळतो. जिंतूरच्या बाजारातून पावशेर रेवड्या घ्यायला लाव. कापून उरलेल्या पैशातून, त्याच्या हातानं. तो आला न्हाई तर तुझ्या पैशानं घेऊन त्याच्या नावानं धाडू नको, मला कळतं ते. आणि गुळाच्या घे म्हणावं. साखरेच्या बानूला आवडत न्हाईत, त्याला ठाऊक नसंल.

कासाबाई
(अंगठा)